आधी पाहा, मग ठरवा: जुन्या नाण्याचं टोनिंग, साफसफाई आणि ग्रेड

लक्ष्मीपूजन उरकलं की नाशिकमधल्या नाणीसंग्राहकांकडे ठरावीक प्रकारची पाहुणेमंडळी येऊ लागतात. रुमालात बांधलेले चार-पाच राणीछाप रुपये, पांढरेशुभ्र, लखलखीत, आणि सोबत एक प्रश्न: "याचे किती येतील?" नाणी अस्सल असतात. एखाद्याचं साल चांगलंही असतं. पण पूजेच्या आदल्या दिवशी ती चिंचेनं, राखेनं किंवा टूथपेस्टनं घासलेली असतात, आणि मग उत्तर चांदीच्या वजनाच्या आसपासच येऊन थांबतं. घरच्यांना ते पटत नाही, कारण त्यांच्या डोळ्यांना नाणं आधीपेक्षा सुंदर दिसत असतं.

गडबड होते ती बहुधा क्रमात. लोक आधी धुतात, नंतर निरखतात, आणि धातू कोणता हा प्रश्न सगळ्यांत शेवटी येतो. हा लेख तो क्रम नीट लावण्यासाठी आहे. नाणं हातात आल्यापासून पाकिटात जाईपर्यंत काय करायचं, कुठे थांबायचं, आणि कोणत्या गोष्टीला अजिबात हात लावायचा नाही, एवढंच त्यात आहे.

सुरुवातीला एक खुलासा. ग्रेड म्हणजे नाण्याच्या अवस्थेला दिलेला १ ते ७० मधला आकडा. ६० पासून पुढे चलनात न फिरलेली नाणी, म्हणजे मिंट स्टेट. ५० ते ५८ म्हणजे किंचित वापर झालेली, यांना एयू म्हणतात. ४० आणि ४५ ला एक्सएफ, २० ते ३५ ला व्हीएफ, आणि तिथून खाली उतरत जायचं. हा आकडा देताना झीज, मूळ लकाकी, ओरखडे, ठशाचा उठाव आणि एकूण रूप पाहिलं जातं. पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकेतल्या दोन मोठ्या ग्रेडिंग कंपन्या घासलेल्या नाण्याला आकडा देतच नाहीत. 'एयू डीटेल्स, क्लीन्ड' अशा धर्तीचा शेरा मारतात. झीज एयूइतकीच आहे, पण पृष्ठभाग मूळचा राहिलेला नाही, असा त्याचा अर्थ. शेरा एकदा लागला की नाण्याची किंमत त्याच झिजेच्या, न घासलेल्या नाण्यापेक्षा बरीच खाली येते, आणि घासलेलं पुन्हा न घासलेलं करता येत नाही.

टप्पा १: तयारी

टेबलावर जाड मऊ टॉवेल अंथरा. नाणं हातातून सुटणारच आहे असं धरून चाला, कारण फरशीवर पडलेल्या नाण्याच्या कडेला खोक पडते आणि ती ग्रेडमध्ये मोजली जाते.

दिवा महत्त्वाचा. जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब, ६० ते ७५ वॅटचा, टेबललॅम्पमध्ये लावा आणि खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. ट्यूबलाइटखाली किंवा छताच्या पसरट एलईडीखाली बारीक ओरखडे दिसत नाहीत. प्रकाश सगळीकडून आला की रेघा बुजतात, एका जागेवरून आला की उठून दिसतात. दुकानात पाहिलेलं 'निर्दोष' नाणं घरी आल्यावर ओरखडलेलं निघतं, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

बाकी साहित्य थोडं आहे: ५ किंवा १० पट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा, एक लोहचुंबक, वही आणि मोबाइल. नाण्याला हात लावण्याआधी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढून ठेवा. पुढे काही बदललं तर तुलनेला आधार राहतो.

नाणं धरायचं ते कडेनं, अंगठा आणि तर्जनी यांच्यात. बोटाचा ठसा आज दिसत नाही, पण घामातलं मीठ आणि तेल कामाला लागतं आणि काही महिन्यांनी तांब्यावर ठशासकट तपकिरी उमटतं.

*सावधान:* नाण्यावर वाकून बोलू नका. थुंकीचा बारीक थेंब उडाला की तिथे पुढे काळा ठिपका धरतो, आणि तो काढायला गेलं की नाणं बिघडतं.

टप्पा २: धातू ओळखा

एका धातूला जे चालतं ते दुसऱ्याला मारक ठरतं, म्हणून धातू आधी.

१९३९ पर्यंतचा ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा. १९४० ते १९४५ चे रुपये दिसायला तसेच, पण त्यांत चांदी निम्मीच. उरलेलं ४० टक्के तांबं आणि ५-५ टक्के निकेल व जस्त. या दुसऱ्या गटाचा रंग मुळातच किंचित करडा असतो आणि डागही एकसारखे पडत नाहीत. तो 'मळका' दिसतो म्हणून घासायला घेतलेले रुपये जुन्या संग्रहांत फार आढळतात. मळ नसतोच, मिश्रधातूच तसा आहे.

१९४७ चा वाघाच्या चित्राचा रुपया चांदीचा समजून कित्येक घरांत देव्हाऱ्यात ठेवलेला असतो. तो निकेलचा आहे. चुंबक लावा, चिकटेल. १९५० चा रुपयाही निकेलचाच. स्वतंत्र भारताच्या चांदीच्या स्मारक नाण्यांत १९६९ चं गांधी शताब्दीचं दहा रुपयांचं नाणं ८० टक्के चांदीचं, १५ ग्रॅमचं आहे. १९७२ चं दहा रुपयांचं नाणं मात्र ५० टक्क्यांचं.

पाव आणे, पैसे आणि शिवराई तांब्याची. आपल्या जिल्ह्यात चांदवडच्या टांकसाळीचे रुपयेही जुन्या घरांतून निघतात. ते हातानं ठोकून पाडलेले असल्यानं त्यांचा आकार वेडावाकडा असतो, कडेला चिरा असतात आणि अंगावर सराफांनी चांदी तपासण्यासाठी मारलेले ठोके असतात. हे सगळं त्या नाण्याच्या जन्माचा आणि वापराचा भाग आहे. ते 'नीट' करायचा मोह टाळा.

*तपासणी:* वजन वहीत लिहिलं का? चुंबक लावून पाहिलं का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तरच पुढे.

टप्पा ३: लकाकी वाचायला शिका

या टप्प्याला बहुतेक लोक दोन मिनिटं देतात. खरं तर सगळ्यात जास्त वेळ इथे गेला पाहिजे, कारण ग्रेड देणारा माणूस मुख्यतः हेच वाचतो.

टांकसाळीत ठसा आपटतो तेव्हा धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. डोळ्याला त्या वेगळ्या दिसत नाहीत, पण प्रकाश त्यांच्यावरून परततो तेव्हा चमकेचे पट्टे तयार होतात. नाणं दिव्याखाली तिरकं धरून सावकाश फिरवलं की हे पट्टे मध्याभोवती फिरतात. ही मूळ लकाकी, लस्टर. बँकेतून आलेलं एखादं कोरं नाणं घेऊन आधी यावर डोळा बसवा. पट्टा कसा फिरतो हे एकदा कळलं की तो नसल्याचंही लगेच कळतं.

घासणं म्हणजे या सूक्ष्म रेषा खरवडून काढणं. मग नाणं चमकतं, पण ती चमक सपाट असते. नाणं फिरवलं तरी चमक जागची हलत नाही. घरात जिला 'उजळलं' म्हणतात ती हीच चमक, आणि ग्रेडिंगमध्ये 'डीटेल्स' शेरा पडतो तोही हिच्यामुळेच.

वापरात झिजलेल्या नाण्याचं वेगळं असतं. राणीच्या गालावर, कानावरच्या केसांवर, मुकुटाच्या उंच भागांवर लकाकी आधी जाते. अक्षरांच्या मध्ये आणि खोलगट जागी ती टिकून राहते. एयू नाण्यात अशी उरलेली लकाकी दिसलीच पाहिजे. ती कुठेच नसेल, पण नाणं मात्र पांढरंफेक असेल, तर कुणीतरी त्यावर हात चालवला आहे.

डोळा तयार करायला चांगली नाणी पाहावी लागतात. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे. तिथलं संग्रहालय बघायला जायचं असेल तर उघडं आहे ना, हे आधी फोन करून विचारा. काचेपलीकडची नाणी फिरवता येत नाहीत, पण न घासलेल्या जुन्या चांदीचा आणि तांब्याचा रंग डोळ्यांत बसतो. सराफ बाजारातल्या चकचकाटावर पोसलेल्या नजरेला याची फार गरज आहे.

टप्पा ४: रंग कशाचा आहे?

नाण्यावरचा प्रत्येक काळपट थर म्हणजे घाण नाही. इथे तीन गोष्टी वेगळ्या करायच्या: टोनिंग, वर बसलेला मळ, आणि धातू खाणारा गंज.

टोनिंग म्हणजे हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी चांदीचा संयोग होऊन बनलेला पातळ थर, सिल्व्हर सल्फाइड. थर अगदी पातळ असताना प्रकाशाच्या परावर्तनामुळे त्यात रंग दिसतात. थर जसा जाड होतो तसे रंग साधारण ठरलेल्या क्रमानं बदलतात: फिकट सोनेरी, मग तांबूस-तपकिरी, मग जांभळा, निळा, आणि फार जाड झाला की काळा. हा क्रम लक्षात ठेवा, बनावट रंग पकडताना उपयोगी पडतो.

चांगल्या टोनिंगनं ग्रेड खाली येत नाही. रंगाखालून लकाकीचा पट्टा फिरताना दिसत असेल, तर 'एकूण रूप' या सदरात उलट फायदाच होतो, आणि रंग सुंदर असतील तर खरेदीदार जास्त पैसेही मोजतात. नुकसान होतं ते दोन प्रकारच्या टोनिंगनं. एक, काळे-करडे ठिगळासारखे डाग. दुसरं, इतका जाड काळा थर की खालची लकाकी मेलेली आहे. अशा वेळी थराखालचा धातूही खाल्लेला असतो, म्हणून थर काढला तरी खाली काही मिळत नाही. लोकांना हे पटायला वेळ लागतो. त्यांना वाटतं काळ्याखाली पांढरं नाणं झाकलेलं आहे. थर हा मुळात नाण्याच्याच चांदीतून बनलेला असतो. तो काढला म्हणजे तेवढी चांदी काढली.

तांब्याचं गणित वेगळं. ग्रेडिंगमध्ये तांब्याच्या नाण्याला तीन रंगवर्ग असतात: टांकसाळीतला मूळ लाल रंग जवळजवळ पूर्ण, म्हणजे ९५ टक्के किंवा त्याहून जास्त टिकलेला असेल तर आरडी, ५ टक्क्यांहून कमी उरला असेल तर बीएन, म्हणजे तपकिरी, मधलं सगळं आरबी. एकसारखा, गुळगुळीत तपकिरी पाव आणा ही अगदी सन्मानाची अवस्था आहे. तो लिंबानं लाल केला तर तो आरडी होत नाही. आम्लानं काढलेल्या लालीला गुलाबी, कच्ची झाक असते, लकाकी नसते, आणि थोड्या महिन्यांत त्यावर उदास चट्टे उमटतात. शिवराईवरचा गडद थर तर त्या नाण्याचं संरक्षक कवच आहे. तो काढून अक्षरं 'वाचण्याजोगी' करायला गेलेल्यांच्या शिवराईवर शेवटी अक्षरंही उरत नाहीत.

मळ म्हणजे बाहेरून बसलेलं: माती, तूप, मेण, हळद-कुंकू, शेंदूर, टेपचा चिकटा. हा धातूचा भाग नसतो, म्हणून काही वेळा सुरक्षितपणे काढता येतो.

गंज ओळखायला रंग आणि पोत पाहा. तांब्यावर कडक हिरवी खपली म्हणजे जुना गंज. फिकट हिरवी भुकटी, जी झटकली तरी काही दिवसांत परत येते, ती चालू दुखणं आहे. जमिनीतून किंवा पाण्यातून निघालेल्या नाण्यांत क्षार शिरलेले असतात, त्यामुळे ती येते. रामकुंडाच्या परिसरात नदीतून निघालेली नाणी विकायला येतात, त्यांत हे खूप दिसतं. असं नाणं कोरड्या डबीत, इतर नाण्यांपासून लांब ठेवा आणि जाणत्या संवर्धकाला दाखवा. घरी त्यावर प्रयोग करू नका.

आणखी एक हिरवं आहे: चिकट, पातळ, तेलकट. जुन्या मऊ प्लास्टिकच्या अल्बममधून ते येतं. त्या पीव्हीसीला नव्या रेनकोटसारखा वास असतो. हे वेळीच काढलं नाही तर आम्ल सुटून पृष्ठभागावर कायमचे खड्डे पडतात.

*सावधान, बनावट टोनिंग:* साधं नाणं गंधकाच्या धुरीत किंवा उष्णता देऊन रंगवून 'इंद्रधनुषी' म्हणून विकतात. तीन गोष्टी पाहा. रंग ठरलेल्या क्रमात एकमेकांत उतरत गेलेत की निळा-जांभळा मधूनच सुरू होतो? अक्षरांच्या आणि चित्राच्या कडेला रंगात नैसर्गिक फरक पडतो की रंग सगळ्यांवरून सरसकट वाहत गेलाय? आणि सगळ्यात खात्रीचं: रंग ओरखड्यांच्या आतही तितकाच ताजा आहे का? तसं असेल तर आधी घासलं आणि मग रंगवलं. अशा नाण्यालाही आकडा मिळत नाही, 'रंग संशयास्पद' असा शेरा मिळतो.

टप्पा ५: आधीच कुणी घासलं आहे का?

विकत घेण्याआधी हा टप्पा चुकवू नका. पिवळ्या दिव्याखाली नाणं तिरकं धरा आणि पूर्ण वर्तुळ फिरवा. मोकळ्या सपाट भागाकडे लक्ष द्या: चेहऱ्यापुढची जागा, मागच्या बाजूला सालाच्या आजूबाजूचा भाग.

केसासारख्या बारीक रेघा एकाच दिशेनं, समांतर जात असतील तर कापडानं किंवा ब्रशनं पुसलेलं आहे. चलनातल्या नाण्यावरही रेघा असतात, पण त्या सगळ्या दिशांनी, कमी-जास्त खोल असतात. रेघा गोल-गोल फिरलेल्या असतील तर पावडर लावून बोटानं घासलं आहे. देव्हाऱ्यातल्या नाण्यांवर हा नमुना हमखास दिसतो.

मग अक्षरांच्या बुडाशी पाहा. मोकळा भाग पांढरा आणि अक्षरांभोवती काळी किनार राहिली असेल, तर घासणाऱ्याचं बोट तिथे पोचलेलं नाही. याच्या उलट, व्हीएफपर्यंत झिजलेलं नाणं खाचांतसुद्धा पांढरं असेल तर ते आम्लात बुडवलं आहे. झिजलेली खरी चांदी करडी असते. शंभर वर्षं हातोहात फिरलेलं नाणं पांढरं राहत नाही.

अक्षरांच्या एका बाजूला धातूचा बारीक बांध साचलेला दिसला तर फिरत्या तारेच्या ब्रशनं नकली लकाकी आणलेली आहे. भिंगाखाली हे स्पष्ट दिसतं.

सराफाकडे दागिन्यांबरोबर नाणं 'उजळायला' देणं हाही याच यादीतला प्रकार. पैंजण उजळण्यासाठी ती पद्धत योग्यच आहे. नाण्याला ती लावायची नाही, आणि हे कारागिराला सांगायचं काम नाणं देणाऱ्याचं आहे.

टप्पा ६: हात लावायचा की नाही

वहीत तीन उत्तरं लिहा. नाण्यावर जे आहे ते धातूचा भाग आहे की बाहेरून बसलेलं? ते तसंच ठेवलं तर नाण्याला पुढे इजा करील का? आणि ते काढायला घासावं लागेल का?

बाहेरचं आहे, इजा करणारं आहे, आणि न घासता निघतं: तिन्ही जुळलं तरच पुढचा टप्पा. पीव्हीसीचा चिकटा, तूप, हळद, टेपचा गोंद यांत बसतात. टोनिंग यात बसत नाही. तांब्याचा तपकिरी रंग बसत नाही. गंज बसत नाही. शंका असेल तर नाणं तसंच राहू द्या. खोल डाग असलेलं पण न घासलेलं नाणं आकडा मिळवू शकतं, घासलेलं मिळवू शकत नाही.

टप्पा ७: पाणी आणि अ‍ॅसिटोन

सुटी माती असेल तर काचेच्या वाटीत कोमट डिस्टिल्ड पाणी घ्या, बॅटरीत घालायचं मिळतं ते. नाणं तासभर भिजू द्या, वाटी हलकेच हलवा, पाणी बदला. बोट, कापूस, ब्रश काहीही लावू नका, कारण मातीत वाळूचे कण असतात आणि तेच ओरखडतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून शेवटची खळबळ डिस्टिल्ड पाण्यातच.

तेलकट मळासाठी शुद्ध अ‍ॅसिटोन लागतं. केमिकलच्या दुकानात प्रयोगशाळेच्या दर्जाचं मागा. नेलपॉलिश रिमूव्हर घेऊ नका, त्यात रंग, सुगंध आणि तेलं मिसळलेली असतात आणि ती नाण्यावर थर सोडतात. शुद्ध अ‍ॅसिटोन चांदीशी आणि तिच्या टोनिंगशी संयोग करत नाही, म्हणूनच ते चालतं.

क्रम असा:

१. खिडक्या उघडा. आसपास गॅस, निरांजन, उदबत्ती, सिगारेट काही नको. अ‍ॅसिटोनची वाफ पेट घेते.
२. काचेच्या दोन वाट्या घ्या. प्लास्टिकच्या वाट्या विरघळतात आणि तो थर नाण्यावर बसतो.
३. पहिल्या वाटीत नाणं बुडवून वर काचेचं झाकण ठेवा. दहा मिनिटांनी पाहा. चिकटा जुना असेल तर तासभरही ठेवता येतं.
४. लाकडी किंवा बांबूच्या चिमट्यानं कडेनं उचलून दुसऱ्या, ताज्या अ‍ॅसिटोनच्या वाटीत एक मिनिट बुडवा. ही पायरी लोक गाळतात. मग पहिल्या वाटीतला विरघळलेला मळ वाळल्यावर सगळ्या नाण्यावर पातळ पसरतो.
५. बाहेर काढून मऊ टिश्यूवर कडेवर उभं टेका. काही सेकंदांत आपोआप वाळतं. पुसायचं नाही.

हळदीचा पिवळा डाग पाण्यानं हलत नाही, पण अ‍ॅसिटोनमध्ये सुटतो. त्यावरून एक चाचणीही होते: पिवळी झाक अ‍ॅसिटोनमध्ये गेली तर हळद होती, राहिली तर टोनिंग आहे, आणि मग तिथेच थांबायचं. शेंदूर तेलात कालवलेला असतो. तेल सुटतं, रंगाची भुकटी थोडी मागे राहते. ती टोकरून काढू नका. शेंदुरात शिसं असू शकतं, म्हणून नंतर हात साबणानं स्वच्छ धुवा. पंचामृत लागलेलं नाणं मात्र त्याच दिवशी डिस्टिल्ड पाण्यात खळबळून वाळवा. दह्यातलं आम्ल तांब्यावर लवकर काम करतं.

लाल रंग टिकलेल्या तांब्याला मी अ‍ॅसिटोनही लावत नाही. त्या रंगाचा भरवसा नसतो. रंगीत छपाई असलेल्या स्मारक नाण्यांना तर मुळीच नको.

*तपासणी:* वाळल्यावर पुन्हा पिवळ्या दिव्याखाली फिरवा आणि आधीच्या फोटोशी ताडून पाहा. लकाकी जशीच्या तशी, टोनिंग जसंच्या तसं, फक्त चिकटा गेलेला. एवढाच बदल दिसायला हवा.

टप्पा ८: डिप, बेकिंग सोडा, फॉइल

बाजारातल्या चांदीच्या डिपमध्ये, म्हणजे चांदी बुडवून उजळायच्या द्रावणात, थायोयुरिया आणि आम्ल असतं. सल्फाइडचा थर निघतो आणि त्याबरोबर लकाकीच्या सूक्ष्म रेषाही थोड्या जातात. एकदा, काही सेकंद, जाणत्या हातानं केलेलं डिप ग्रेडमध्ये खपून जातं. पुन्हा पुन्हा बुडवलेलं नाणं पांढरं पण निर्जीव होतं. शिवाय नीट न धुतलेलं डिप मागे राहिलं तर वर्षभरात तपकिरी डाग फुटतात. माझा सल्ला स्पष्ट आहे: घरी डिप करू नका.

अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि सोड्याचा उपायही टोनिंग काढणाराच आहे, वर तो पृष्ठभाग भुरकट करतो. चिंच, लिंबू-मीठ, व्हिनेगर, राख, पितळ घासायची पावडर, टूथपेस्ट, खोडरबर: प्रत्येकाचं उत्तर नाही.

पूजेसाठी नाणी लागतातच. त्यासाठी आजच्या काळातलं एखादं चांदीचं नाणं वेगळं ठेवा आणि ते हवं तसं उजळा. आजोबांच्या रुपयाला नुसता नमस्कार करा.

टप्पा ९: नाशिकच्या हवेत साठवण

जिल्ह्यात हवा एकसारखी नाही. इगतपुरी-त्र्यंबककडे पावसाळ्यात कपाटातले कपडेही ओलसर लागतात, येवला-मालेगावकडे बराच कोरडेपणा असतो. ओल आणि उष्णता दोन्ही टोनिंगचा वेग वाढवतात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रंग बदलला की वाळवून परत वापरा, आणि पावसाळ्याआधी एकदा सगळा डबा तपासा.

आपल्या भागात आणखी एक धोका आहे, ज्याकडे कुणी लक्ष देत नाही: निफाड, दिंडोरी, पिंपळगाव भागात द्राक्षांवरच्या भुरी रोगासाठी आणलेलं गंधक. पोती ज्या खोलीत, त्याच खोलीतल्या ट्रंकेत नाणी असतील तर चांदी झपाट्यानं काळी पडते. नाणी दुसऱ्या खोलीत, हवाबंद डब्यात न्या. गंधक इतर वाटांनीही येतं: रबर बँड, लोकरीचं कापड, वर्तमानपत्र, जुने पुठ्ठे. नाण्याच्या गठ्ठ्याला रबर बँड लावलेला असेल तर तो आजच काढा. नाण्याच्या पोटावर पडलेली काळी रेघ पुन्हा जात नाही.

पाकिटं मायलरची (पीव्हीसी नसलेलं पारदर्शक प्लास्टिक) किंवा पीव्हीसीमुक्त असल्याची खात्री करून घ्या. पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरला पिना असतील तर त्यांची टोकं चपटी करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडे पडतात. एका पाकिटात एकच नाणं. डांबराच्या गोळ्या डब्यात नकोत.

टप्पा १०: ग्रेडिंगला किंवा विक्रीला देताना

आधी साल पाहा. १९७२ च्या पुरातन वस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं पुरातन वस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. राणीछाप रुपये सगळेच्या सगळे या मर्यादेत येतात. १९२२ पर्यंतचे पंचम जॉर्जचे रुपयेही येतात. ही नाणी ग्रेडिंगसाठी परदेशी कुरिअर करणं कायद्यात बसत नाही, कुणी 'सगळे पाठवतात' म्हटलं तरी. त्यामुळे या नाण्यांची अवस्था आपल्यालाच नीट वाचता आली पाहिजे, आणि टप्पा ३ ते ५ ची खरी गरज इथेच पडते.

शेतात नांगरताना किंवा घराच्या पायात नाणी सापडली तर वेगळा कायदा लागतो. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि कळवेपर्यंत तो धुवायचा नाही. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली. त्यांतल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपले छाप पुन्हा मारलेले होते. एका राजाच्या खुणेवर दुसऱ्याची खूण बसलेली आहे, हे पृष्ठभाग शाबूत होता म्हणून वाचता आलं. चिंचेच्या कोळात तो ढीग गेला असता तर चांदी उरली असती, पुरावा उरला नसता.

शंभर वर्षांच्या आतलं नाणं ग्रेडिंगला द्यायचं असेल तर मधल्या डीलरला आधी लेखी विचारा: शेरा 'डीटेल्स' आला तरी शुल्क तेवढंच लागतं का, आणि नाणं नव्यानं साफ करून पाठवण्याची त्यांची प्रथा आहे का. दुसऱ्या प्रश्नाला 'हो' उत्तर आलं तर नाणं परत घ्या. सोबत तुमचे मूळ फोटो आणि वजनाची नोंद द्या, पोच घ्या.

स्वतः विकत असाल तर वर्णनात साल, वजन, धातू, तुमच्या अंदाजाची ग्रेड आणि पुढची ओळ जशी असेल तशी लिहा: 'न घासलेलं, नैसर्गिक टोनिंग', किंवा 'जुनं साफ केलेलं, समांतर रेघा आहेत', किंवा 'अ‍ॅसिटोननं चिकटा काढलेला, इतर काही नाही'. फोटो पिवळ्या दिव्याखाली, तिरक्या प्रकाशात काढलेले टाका, म्हणजे घेणाऱ्यालाही रेघा आणि लकाकी दोन्ही दिसतील.